सुरयांचं बेट राखायचं तर: रिकाम्या महिन्यांतली कामं

बेटावर जाऊन पक्षी वाचवायचे, ही कल्पना आधी डोक्यातून काढून टाका. समुद्रपक्ष्यांची वसाहत भरलेली असताना तिथे पाय न ठेवणं हेच निम्मं काम. उरलेलं निम्मं पक्षी नसताना करायचं असतं आणि ते कंटाळवाणं असतं: मेणाचे ठोकळे टांगायचे, जुनी जाळी ओढून काढायची, अर्जाच्या प्रती घेऊन फिरायचं, तांडेलांशी, म्हणजे मासेमारी होड्यांच्या म्होरक्यांशी, बोलत बसायचं. फोटो टाकावा असं त्यात फारसं काही सापडत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वेंगुर्ला रॉक्स आहेत. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात लहानमोठ्या खडकांचा हा पुंजका. जुन्या नकाशांवर त्याला बर्न्ट आयलंड्स असंही नाव सापडतं. वर दीपगृह आहे, कातळावर सुरय (इंग्रजीत टर्न) घरटी करतात आणि गुहांमध्ये पाकोळ्या. दुसरं उदाहरण लक्षद्वीपमधल्या पिट्टीचं. वाळू आणि प्रवाळाच्या चुऱ्याचं ते जेमतेम सव्वा हेक्टरचं बेट 1995 पासून पक्षी अभयारण्य आहे. एक कातळाचं, एक वाळूचं. पण पक्ष्यांच्या अडचणी बऱ्याचशा सारख्याच.

नावांबद्दल एक खुलासा. सुरय हा शब्द मराठी पक्षीनिरीक्षकांत रुळलेला आहे, पण समुद्री सुरयांच्या एकेका जातीला सगळीकडे चालणारं नाव नाही. पिवळ्या चोचीचा, डोक्यावर विस्कटलेला काळा तुरा असलेला तो इथे ‘तुरेवाला’. पाठ करडी-तपकिरी आणि कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असेल तर ‘लगामी’. पाठ काजळासारखी काळी असेल तर ‘काजळी’.

एका अंड्याचा हिशेब

लगामी आणि काजळी सुरय एका हंगामात एकच अंडं घालतात. तुरेवाल्याचंही बहुतेक वेळा एकच. लगामी सुरयाचं अंडं साधारण महिनाभर उबवावं लागतं, पुढे पिल्लू उडायला जवळपास दोन महिने लागतात, आणि त्या पिल्लाने स्वतः घरटं करायला चारेक वर्षं तरी जावी लागतात. कोंबडीसारखं ‘फुटलं तर दुसरं घालेल’ असं इथे नाही. पक्षी दीर्घायुषी असतो, म्हणून वसाहत वरवर अनेक वर्षं भरलेली दिसते. पिल्लं जगत नाहीयेत हे लक्षात येतं तेव्हा म्हातारे पक्षी मरायला लागलेले असतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोकणात मे महिन्याच्या दुपारी उघड्या कातळावरचा पक्षी अंडं उबवत नसतो, तो सावली धरून बसलेला असतो. माणूस वर चढला आणि पक्षी उडाला की तापलेल्या दगडावरचं अंडं थोड्याच वेळात वाया जातं. शिवाय कावळे माणसाच्या मागे येतात, आणि गोंधळ उडालेली वसाहत त्यांना आयतीच मिळते. तुम्ही ‘पाच मिनिटांत खाली उतरलो’ म्हणता, पण त्या पाच मिनिटांत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

पहिली पायरी: बेटाचं वेळापत्रक

एक मोठा कागद घ्या, त्यावर बारा रकाने आखा आणि प्रत्येक जातीची अंडी, पिल्लं आणि शेवटचं उड्डाण कोणत्या महिन्यात येतं ते भरा. वेंगुर्ला रॉक्सचा आराखडा ढोबळमानाने असा: तुरेवाले पावसाळ्याच्या आधी बसतात, लगामी ऐन पावसाळ्यात. गुहेतल्या पाकोळ्यांची घरटी हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे बेट खरोखर रिकामं असतं ते ऑक्टोबर ते जानेवारी. बाहेरून आलेल्या माणसाला मार्च महिना रिकामा वाटतो, कारण वर कातळावर काही दिसत नाही. खाली गुहेत मात्र तेव्हाच गर्दी असते.

जुन्या नोंदी इथे कामाला येतात. काँग्रेसच्या स्थापनेत ज्याचं नाव येतं तो ॲलन ह्यूम 1875 साली लक्षद्वीपच्या सफरीत या खडकांवरही उतरला होता. पुढे पक्षीतज्ज्ञ हुमायुन अब्दुलालींनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलेला लेख मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात 1942 साली छापून आला. अशा नोंदी वाचताना तारीख आधी बघा. फेब्रुवारीत गेलेल्या माणसाला पावसाळ्यात बसणारा पक्षी दिसणार नाही. त्याच्या नोंदीवरून ‘इथे तो घरटं करत नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक.

कोकणात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि समुद्रही कुणाला खडकाला लागू देत नाही. म्हणजे लगामी सुरयांची राखण पाऊसच करतो. धोका दोन्ही कडांना आहे: एप्रिल-मे, जेव्हा पर्यटक आणि तुरेवाल्यांची अंडी एकाच वेळी येतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर, जेव्हा होड्या बाहेर पडतात पण उशिराची पिल्लं अजून उडालेली नसतात. राखणीचे माणसाचे दिवस मोजकेच असतील तर ते या दोन कडांना खर्च करा.

दुसरी पायरी: कागद

हे थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत अंड्यांना किंवा घरट्यांना इजा करणं, ती विचलित करणंही येतं. त्यामुळे बेट अभयारण्य असो वा नसो, घरट्यात हात घालणाऱ्याला ‘मी कुठे पक्षी मारला?’ म्हणता येत नाही. उलट, तुम्हालाही अभ्यासासाठी घरटी हाताळायची, पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायची, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. दीपगृहाची जागा दीपगृह खात्याची. तिथे वेगळा अर्ज. लक्षद्वीपला तर प्रवेशाचाच परवाना लागतो. हे सगळं जुळवायला सहा महिने धरा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये उतरायचं तर एप्रिलमध्ये अर्ज.

आणि ड्रोन नको. वरून येणारी घोंघावणारी वस्तू पक्ष्याला शिकारी पक्ष्यासारखी वाटू शकते, आणि कोकणातल्या या बेटांवर काकण म्हणजे समुद्री गरुड फिरतो, त्यामुळे ती भीती त्यांच्या अंगात मुरलेली असते.

तिसरी पायरी: मोजणी, पण लांबून

होडीतून मोजायचं तर जागा ठरवून घ्या. बेटाभोवती चार-पाच बिंदू जीपीएसवर नोंदवा आणि दर खेपेला त्याच बिंदूंवरून, त्याच वेळी, त्याच भिंगाने फोटो काढा. अंतर मी दोनशे मीटर धरतो, पण खरा आकडा पक्षी सांगतात. बसलेल्या पक्ष्यांनी माना उंच केल्या की तांडेलाला थांबायला सांगा. सगळा थवा एकदम उठून, आवाज बंद करून समुद्रावर घिरटी घालून आला तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. होडी मागे घ्या आणि ते अंतर वहीत लिहा. पुढच्या खेपेला तीच लक्ष्मणरेषा. घरी फोटोवर एकेक बसलेल्या पक्ष्यावर ठिपका देत मोजा. उडणारे आणि उभे पक्षी वेगळे.

ही पद्धत तुरेवाल्यांना लागू पडते, कारण ते उघड्यावर खांद्याला खांदा लावून बसतात. लगामी दगडाच्या खाचेत, झुडपाखाली बसतो, तो फोटोत येत नाही. वर पावसाळ्यात बेटाला लागता येत नाही. मग यंत्रं ठेवून यायची. एप्रिलच्या आधी, उतरण्याची परवानगी असलेल्या दिवशी, ध्वनिमुद्रक आणि हालचाल टिपणारे कॅमेरे बसवा आणि ऑक्टोबरमध्ये काढून आणा. मुद्रक दर तासाला पाचच मिनिटं चालेल असा लावा, नाहीतर बॅटरी जूनमध्येच संपते. आत सिलिका जेलच्या पुड्या, सांध्यांना ग्रीस, आणि प्रत्येक यंत्र जोडीने. खारी हवा एक खाणार हे गृहीत धरा.

जिथे परवानगीने उतरून घरटी मोजता येतात तिथे एक सोपं गणित आहे. पहिला माणूस सापडेल त्या घरट्याशेजारच्या दगडावर खडूने खूण करत जातो. दुसरा तासाभराने, खुणा न शोधता, स्वतंत्रपणे घरटी शोधतो आणि किती सापडली, त्यांतल्या कितींवर खूण होती, ते लिहितो. समजा पहिल्याला 80 सापडली, दुसऱ्याला 75, आणि त्या 75 पैकी 60 वर खूण होती. तर एकूण घरटी 80 गुणिले 75 भागिले 60, म्हणजे 100. दोघांनीही सगळी पाहिली नव्हती, पण किती सुटली ते कळलं. हे सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं, एका भागात वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही, आणि हंगामात एकदाच.

चौथी पायरी: उंदीर

इथे मी जास्त जागा घेणार आहे, कारण जगभर बेटांवरच्या समुद्रपक्ष्यांचा सर्वांत मोठा शत्रू बंदूक नाही, उंदीर आहे. तो होडीतून येतो: जाळ्यांच्या ढिगात, तांदळाच्या गोणीत, दीपगृहाच्या दुरुस्तीच्या सामानात. गाभण मादी एकटी आली तरी पुरते.

उंदरांनी काय फरक पडतो हे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर मोजलं गेलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीर असलेल्या आणि नसलेल्या बेटांची तुलना होती. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता 760 पट आढळली. त्यांच्या विष्ठेतून जमिनीला मिळणारा नायट्रोजन 251 पट. आणि पुढची गोष्ट मच्छीमारांना सांगण्यासारखी: त्या बेटांभोवतीच्या प्रवाळावर माशांचं वजन 48 टक्क्यांनी जास्त होतं. विष्ठा पावसाने वाहून समुद्रात जाते, शेवाळ वाढतं, त्यावर मासा वाढतो. आपले खडक प्रवाळाचे नाहीत, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा वेंगुर्ल्याला लावू नका. पण खत कुठून कुठे जातं ते तेवढंच खरं.

आधी उंदीर आहे की नाही ते तपासा. मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट घाला, बर्फाच्या ट्रेमध्ये ठोकळे पाडा, प्रत्येकात तार अडकवा. खुंटीला जमिनीपासून वीतभर वर टांगा, नाहीतर खेकडेच संपवतात. दर पन्नास मीटरवर एक, आणि होडी लागते तिथे दाटीने. उंदराने कुरतडलं असेल तर जोडीने जाणाऱ्या दोन समांतर खाचा दिसतात. खेकड्याच्या खुणा ओबडधोबड, चिमटा काढल्यासारख्या. शंका असेल तर ठोकळा पिशवीत घालून, तारीख आणि जागा लिहून घरी आणा. बेटावर उभं राहून वाद घालू नका. सोबत शाईचे बोगदे लावा: दोन्ही बाजूंनी उघडी पुठ्ठ्याची किंवा पाइपची नळी, मध्ये शिक्क्याच्या शाईचा पॅड, दोन्हीकडे कागद. पावलांचे ठसे आपोआप उमटतात.

उंदीर नसेल तर तो येऊ न देणं हे कायमचं काम. नियम साधे आहेत, पण ते प्रत्येक खेपेला पाळावे लागतात. सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्यांतच. गोणी, खोका, केळ्यांचा घड, वाळलेलं गवत यांपैकी काहीही बेटावर न्यायचं नाही. बादल्या किनाऱ्यावर, बंद खोलीत, रिकाम्या करून पुन्हा भरायच्या. बुटांचे तळवे आणि पिशव्यांचे खिसे ब्रशने साफ करायचे, कारण तणाचं बीही बेट बिघडवतं. होडी बेटाला बांधून रात्रभर ठेवायची नाही.

सेशेल्समधल्या कझिन बेटावर हे फार शिस्तीने करतात. पूर्वी हे बेट नारळाची बाग होतं. 1968 साली पक्षीसंरक्षणासाठी ते विकत घेतलं गेलं, नारळ हटवून मूळ झाडोरा वाढू दिला, आणि आज तिथे लाखो समुद्रपक्षी बसतात. पर्यटकांना मज्जाव नाही, पण त्यांची होडी बेटाला लागत नाही. ती बाहेर थांबते आणि बेटाची स्वतःची होडी येऊन माणसं उतरवून घेते. एका होडीचा खर्च, आणि उंदराचा रस्ताच बंद. कोकणात कुठे बेटदर्शन सुरू करायचं असेल तर माझी पहिली अट हीच राहील.

उंदीर आधीच असेल तर मात्र स्वतः औषध टाकायला जाऊ नका. संपूर्ण उच्चाटनाची तीन सूत्रं आहेत: शेवटच्या उंदरापर्यंत विष पोचलं पाहिजे, तो वाढेल त्यापेक्षा वेगाने मेला पाहिजे, आणि नवा येता कामा नये. यातलं एक चुकलं तर दोन वर्षांत संख्या होती तेवढी होते, आणि उरलेल्यांना आमिष न खाण्याचं शहाणपण आलेलं असतं. उष्ण कटिबंधात हे अवघड असतं, कारण उंदीर वर्षभर वितात आणि जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करतात. खेकड्यांना रक्त पातळ करणाऱ्या विषाने काही होत नाही, पण विष त्यांच्या अंगात राहतं. तो खेकडा किंवा मेलेला उंदीर काकणाने उचलला तर काकणही जातो. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटांवर 2011 मध्ये उच्चाटन यशस्वी झालं, ते या सगळ्याचा आधी अभ्यास करून. काम वन खातं आणि अनुभवी संस्थेचं. तुमचं काम खुणांचा पुरावा जमवणं, मारण्याआधी उंदरांच्या ऊतींचे नमुने जपून ठेवणं (पुढे उंदीर दिसला तर तो उरलेला की नवा, हे त्यावरून कळतं), आणि नंतर निदान दोन वर्षं मेण टांगत राहणं.

मांजराचंही असंच. पण ‘आधी मांजर काढू, उंदीर मग’ हा क्रम उलटू शकतो. न्यूझीलंडच्या लिटल बॅरियर बेटावर 1980 मध्ये मांजरं संपवली, तेव्हा उंदरांना रान मोकळं मिळालं आणि तिथल्या एका समुद्रपक्ष्याची पिल्लं पूर्वीपेक्षा कमी जगू लागली. 2004 मध्ये उंदीर काढल्यावर परिस्थिती सुधारली. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाने धीराचंही उदाहरण घालून दिलंय. मांजरांमुळे तिथले फ्रिगेट पक्षी शेजारच्या एका खडकावर ढकलले गेले होते. 2006 मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं, आणि मुख्य बेटावर फ्रिगेटचं पहिलं घरटं दिसलं ते 2012 मध्ये.

पाचवी पायरी: माणसं

बेट तुम्ही राखणार नाही आहात. ते तांडेल राखणार आहेत, कारण रोज तिथून तेच जातात. त्यांना व्याख्यान नको असतं. सुरयांचा थवा पाण्यावर कोसळत असेल तर खाली तारली किंवा बांगड्याची रास आहे हे ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. बोलणं तिथूनच सुरू करा. मग विचारा: यंदा पक्षी कधी आले, कुणी अंडी उचलताना दिसलं का, कोणत्या बाजूला जाळं अडकून पडलंय. मिळालेलं उत्तर त्याच्यासमोर वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याला वाचून दाखवा. विश्वास बसतो तो यानेच.

पर्यटक नेणाऱ्या होडीवाल्यांशी दोनच गोष्टी ठरवा: अंतर आणि शांतता. भोंगा नाही, लाउडस्पीकर नाही, पक्षी उडवून फोटो नाही. ‘जवळ गेलं तरच गिऱ्हाईक खूश’ म्हणणाऱ्याला होडीवर दोन चांगल्या दुर्बिणी द्या. बसलेला पक्षी दुर्बिणीतून बघणारं गिऱ्हाईक जास्त खूश होतं असा माझा अनुभव आहे, आणि दुर्बिणीचा खर्च फलकापेक्षा कमी पडतो.

पाकोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची घरटी लाळेची असतात आणि सूपसाठी परदेशात विकली जातात, म्हणून वेंगुर्ल्याच्या गुहांमधून ती चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वन खात्यासोबत तिथे संरक्षणाचं काम केलं. इथे शिकण्यासारखं हे की गुहेला राखण लागते ती ठरावीक आठवड्यांतच, कारण घरटं चोरण्यालायक होतं तेव्हाच चोर येतो. गुहेची नेमकी जागा, तोंडाचे फोटो, आत जाण्याची वाट यातलं काहीही इंटरनेटवर टाकू नका.

सोडून गेलेल्यांना बोलावणं

सुरय जिथे आधीच सुरय बसलेले दिसतात तिथे बसतो. याचा उपयोग करता येतो. अमेरिकेत मेनच्या किनाऱ्यावर स्टीफन क्रेस यांनी 1970 च्या दशकात पफिन पक्ष्यांना लाकडी प्रतिकृती ठेवून परत आणलं. पुढे हीच युक्ती सुरयांवर चालली. चीनच्या झेजियांग किनाऱ्यावर 2013 मध्ये एका बेटावर प्रतिकृती मांडून आवाज वाजवले, तर त्याच हंगामात आपलेच तुरेवाले सुरय मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यासोबत, एकेकाळी नामशेष समजला गेलेला चिनी तुरेवाला सुरयही.

आपल्याकडे कधी याची वेळ आली तर प्रतिकृतींसाठी लांब जायला नको, सावंतवाडीचे खेळणी करणारे कारागीर जवळच आहेत. मापात, खऱ्या रंगात, वारा झेलेल अशा बुडाने कातळाला घट्ट बसवलेल्या पन्नासेक प्रतिकृती आणि सौर ऊर्जेवर चालणारा एक स्पीकर. मात्र उंदीर असलेल्या बेटावर पक्ष्यांना बोलावणं म्हणजे त्यांना ताटात वाढणं. आधी चौथी पायरी. लगामीसाठी प्रतिकृतींपेक्षा सपाट दगड रचून केलेले आडोसे करून बघावेत.

ऑक्टोबरची पहिली फेरी

होडीतून उतरायच्या आधी बेटाला एक पूर्ण फेरी मारा. उशिराचं एखादं पिल्लू अजून बसलेलं असेल तर त्या बाजूला उतरू नका.

वर मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका. दोन-चार वाळलेली पिल्लं प्रत्येक वसाहतीत असतात, पण एकदम अनेक मोठे पक्षी मेलेले दिसले तर लांबून फोटो, संख्या आणि जागा टिपून तिथूनच परत फिरा आणि वन खात्याला व पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2022 मध्ये बर्ड फ्लूने स्कॉटलंडच्या बास रॉकवरचे गॅनेट हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले. असा आजार बुटाच्या तळव्याने पुढच्या बेटावर न्यायचा नसतो.

सगळं ठीक असेल तर आधी यंत्रं काढा, कारण भरती आली की घाई होते आणि तीच विसरतात. मग ठोकळे वाचा, नवे टांगा. शेवटी तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आणि जाळी. खाचेत अडकलेला तंगूस ओढू नका, आत जुन्या अंड्याचं कवच असू शकतं; कापून तुकड्यातुकड्याने काढा, आणि कवच सापडलं तर खाच मोजून वहीत लिहा. जो लगामी पावसाळ्यात कुणालाच दिसला नाही, त्याची नोंद बऱ्याचदा त्या कवचावरूनच होते.